पोटात ठेवलेलं नाव

हैती देशात १९०७ साली एका सधन घरात एक मुलगा जन्मला. त्याच्या आईचे वडील पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मुलगा युरोपात शिकला. परतला तेव्हा देशात अमेरिकेची फौज ठाण मांडून होती. तिच्याविरुद्ध लिहिलं म्हणून तो तुरुंगात गेला. १९३४ साली फौज गेली. त्याच वर्षी त्याने कम्युनिस्ट पक्ष काढला, तेव्हा आपल्याच माणसांच्या सरकारने त्याला पुन्हा कोठडीत टाकलं. सुटल्यावर देशही सोडावा लागला.

त्याचं नाव जाक रूमँ. पुढे मेक्सिकोत असताना त्याने एक कादंबरी लिहून पुरी केली, ‘दवाचे धनी’ अशा अर्थाच्या नावाची. ती गोष्ट अशी.

क्यूबात पंधरा वर्षं ऊस तोडून मान्युएल गावी आला. गाव करपलं होतं. डोंगरावरची झाडं तुटली होती, पाऊस रुसला होता. त्यात जमिनीच्या वाटणीवरून भावकीत रक्त सांडलेलं. गावात दोन तट पडले होते. पूर्वी सगळे ढोलाच्या ठेक्यावर एकमेकांच्या शेतात राबायचे, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे. तेही बंद पडलं होतं.

मान्युएल पाण्यासाठी डोंगर धुंडाळू लागला. एके दिवशी त्याला रानकबुतरं दिसली. त्यांच्या मागावर तो गर्द झाडीत शिरला आणि एका थोरल्या झाडाच्या बुंध्याशी कोयत्याने उकरू लागला. माती ओली लागली. मग खड्ड्यात पाणी साचू लागलं. तो तिथेच पालथा पडला आणि त्याने हसत मातीला ओठ लावले.

पाणी लांब होतं. गावापर्यंत पाट खणायचा तर दोन्ही तटांचे हात हवे होते. मान्युएल एका रात्री दुसऱ्या तटाकडे गेला, चला म्हणाला. परतताना त्यांच्यातल्याच एकाने अंधारात गाठून त्याला भोसकलं.

तो कसाबसा घरी पोचला. आई उशाशी बसली. पोलिसांना सांगावं, असं तिच्या मनात आलं. त्याने अडवलं. नाव निघालं तर पुन्हा सूड, पुन्हा रक्त, आणि पाणी डोंगरातच राहील. लोकांना सांग, तापाने गेला.

आईने काळजावर दगड ठेवून तेच सांगितलं. मग ती दुसऱ्या तटाच्या माणसांकडे गेली आणि मुलाची शेवटची इच्छा त्यांच्यापुढे ठेवली. वैर मिटलं. कुदळी निघाल्या, ढोल वाजले, पाटाला पाणी आलं.

मारेकऱ्याचं नाव कळलं असतं तर सूड पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळाला असता. आईला न्याय मिळाला नाही, हे खरंच आहे, आणि ते सोपं नाही. पण तिने गावातल्या जित्या पोरांकडे पाहिलं.

रूमँ ऑगस्ट १९४४ मध्ये वारला, अवघ्या ३७ व्या वर्षी. पुस्तक त्यानंतर छापून आलं. १९४७ साली ते इंग्रजीत नेलं लँग्स्टन ह्यूज आणि मर्सर कुक यांनी. दोघेही अमेरिकन. ह्यूजने तर रूमँ तुरुंगात असताना त्याच्या सुटकेसाठी आवाज उठवला होता.