दुःख म्हणजे ईमानाची उणीव काय?

एखादा मनुष्य आयुष्यभर नमाज अदा करतो, रोजे राखतो, कोणाचे एका पैशाचेही देणे ठेवत नाही. साठीनंतर त्याचा हात थरथरू लागतो, चाल मंदावते आणि डॉक्टर पार्किन्सन्सचे, म्हणजेच कंपवाताचे, निदान करतात. हळूहळू तो अबोल होतो. जेवणावरून मन उडते, झोप मध्यरात्रीच मोडते. 'मी आता कोणाच्या उपयोगाचा?' असे तो पुटपुटतो. घरची माणसे आपुलकीनेच म्हणतात, 'अब्बा, सब्र करा. ईमानवाला माणूस असा निराश होत नसतो.' वाचकहो, या बोलण्यामागील हेतू चांगला आहे. परंतु ते न्यायाचे आहे काय?

प्रथम आजार समजून घेऊ. इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या व्याधीचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. या आजारात मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. डोपामिन शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवते, तसेच मनातील उमेद आणि आनंदाच्या अनुभवातही त्याचा वाटा असतो. मनःस्थितीशी संबंधित इतर द्रव्येही या आजारात कमी होतात. म्हणूनच कंपवाताच्या अनेक रुग्णांना नैराश्य येते आणि काहींना तर ते हात थरथरण्याच्या कितीतरी आधी येते. परावलंबनाचे दुःख असतेच. पण हे नैराश्य केवळ त्या दुःखातून आलेले नसते. ज्या व्याधीने हात कापतो, तीच व्याधी मनालाही ग्रासते. कापणाऱ्या हाताला आपण 'सब्र कर' असे सांगत नाही. मग मनालाच का सांगावे?

येथे कोणी म्हणेल की, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होण्यास पवित्र कुरआनने स्पष्ट मनाई केली आहे. ही शिकवण सूरह यूसुफच्या 87व्या आयतीत येते. मात्र ती कोणाच्या तोंडून आली आहे, हे लक्षात घ्यावे. ती हजरत याकूब (अलै.) यांची वाणी आहे. त्याआधीच्या 84व्या आयतीत याच याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडल्याचे वर्णन आहे. 85व्या आयतीत त्यांचे पुत्र त्यांना बोल लावतात की, यूसुफची आठवण काढून काढून तुम्ही स्वतःचा नाश करून घ्याल. 86व्या आयतीत ते उत्तर देतात की, आपले दुःख आपण केवळ अल्लाहजवळ मांडतो. म्हणजे ज्या आयतीचा आधार घेऊन आपण खचलेल्या माणसाला दोष देतो, ती दुःखाने दृष्टी गमावलेल्या पित्याची वाणी आहे. अल्लाहने त्या दुःखाबद्दल आपल्या प्रेषिताला दोष दिला नाही. बोल लावले ते धडधाकट पुत्रांनी.

याच आयतीत याकूब (अलै.) पुत्रांना काय सांगतात? जा आणि यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या. वृद्ध पिता स्वतः जाऊ शकत नव्हता. त्याची आशा पुत्रांच्या पायांनी चालायची होती. आजारी माणसाच्या घरातही असेच असते. त्याच्या मनात आशा धरण्याचे बळ उरले नसेल, तर ती आशा काही काळ घरच्यांनी वाहायची असते.

मुस्लिम विद्वानांना हा भेद फार पूर्वी उमगला होता. अबू जैद अल्-बल्खी (मृत्यू इ.स. 934) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले: एक ज्ञात कारणाचे, दुसरे कोणतेही दिसणारे कारण नसलेले. दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात पाहिले आणि त्यासाठी शरीरावरील उपचारही सांगितले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः चिंता आणि दुःखापासून अल्लाहचा आश्रय मागितला, तसेच आजारावर उपचार करण्याचा आदेश दिला. दुआ आणि दवा यांत विरोध नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे सांगणे विशेष अगत्याचे आहे. पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरहून लोक मनाने आजारी असलेल्या नातलगांना घेऊन येतात. त्यांच्या वेदनेची थट्टा कोणी करू नये. परंतु मेंदूच्या आजाराला बाहेरची बाधा समजून उपचाराचे महिने वाया घालवणे, ही रुग्णाच्या हक्काची पायमल्ली आहे.

मग आपण काय करावे? कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि चेहरा निर्विकार दिसतो. म्हणून चेहऱ्यावरून मन ओळखू नये. जवळ बसून विचारावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना ती सांगावी. औषधांत फेरबदल, नैराश्यावरील गोळ्या, समुपदेशन आणि नियमित व्यायाम यांनी पुष्कळ फरक पडतो. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला, तर हराम-हलालची चर्चा करीत बसू नये; त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही न जमल्यास पहुडून नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने दिली आहे, हे त्याला प्रेमाने सांगावे. औषधाच्या वेळा चुकून प्रकृती बिघडणार असेल, तर रोज्याबाबत डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांचाही सल्ला घ्यावा.

आई-वडिलांना 'उफ्' म्हणण्यासही कुरआनने मनाई केली आहे. त्यांच्या ईमानाविषयी शंका घेणे तर 'उफ्'पेक्षाही जड आहे. सब्राची परीक्षा रुग्णाची आहेच. पण त्याचा चहाचा कप सांडतो, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, तोच प्रश्न तो दहाव्यांदा विचारतो, तेव्हा परीक्षा आपली असते.