बैठक आधी, वेग नंतर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारच्या चिंतनाचा विषय आहे वेगाची हाव. ही हाव रस्त्यावर दिसते, तशी आपल्या देवघरातही शिरते. म्हणून आज एक परदेशातली, पण खरी घडलेली गोष्ट पाहू या.

सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस या शहरात एमिल येलिनेक नावाचे एक धनाढ्य ऑस्ट्रियन व्यापारी राहत. वडील व्हिएन्नातले नामांकित ज्यू धर्मोपदेशक. मुलगा व्यापारात पडला आणि त्याने भरपूर पैसा मिळवला. १८९७ मध्ये येलिनेक यांनी जर्मनीतल्या डाइमलर कारखान्याची मोटार घेतली. ती ताशी २४ किलोमीटर धावायची. घोडागाडीच्या त्या काळात हे नवलच होतं. पण यांचं समाधान होईना. त्यांनी ताशी ४० ची मागणी केली. मग आणखी ताकदीची गाडी, मग त्याहून ताकदीची. स्वतः शर्यतीत उतरताना ते आपल्या लाडक्या लेकीचं नाव लावत: मर्सिडीज.

पुढे काय झालं? ३० मार्च १९०० रोजी नीस ते ला तुर्बी अशी डोंगरचढाची शर्यत होती. डाइमलरची जोरदार गाडी चालवणारे विल्हेल्म बाउअर खडकावर आदळले आणि त्यात त्यांचे प्राण गेले. कारखान्याचे संस्थापक गॉटलीब डाइमलर त्याच महिन्यात वारले होते. शर्यती आता पुरे, असं कारखान्यात वाटू लागलं.

इथे येलिनेक यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली. इंजिनात जोर होता, पण गाडी उंच, आखूड आणि पुढून जड होती. वेग वाढला, बैठक मात्र जुनीच राहिली. त्यांनी विल्हेल्म मायबाख या अभियंत्याकडून नवी गाडी मागितली: लांब, रुंद, आणि जिचं वजन जमिनीजवळ राहील अशी. तब्बल ३६ गाड्यांची मागणी नोंदवली, साडेपाच लाख मार्कांची! एक अट घातली, गाडीला मुलीचं नाव द्यायचं. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने सगळ्यांना मागे टाकलं. आज रस्त्यावर जी मर्सिडीज दिसते, तिचं नाव त्या मुलीचं. स्पॅनिश भाषेत या नावाचं मूळ कृपा, दया या अर्थाच्या शब्दात आहे.

*साधकाने यातून काय घ्यायचं?*

पहिली गोष्ट, जो खाली राहतो तोच वळणावर टिकतो. नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे, आपलं वजन जमिनीजवळ ठेवणं. आज गटात कोणी लिहितं, अकरा माळा झाल्या. लगेच दुसरं कोणी एकवीस लिहितं. सात दिवसांचं पारायण तीन दिवसांत उरकतं. संख्या वाढते, पण घरात सासू-सुनेचा आवाज चढतो तेव्हा मन पहिल्याच वळणावर आदळतं. म्हणजे इंजिन मोठं झालं, बैठक तेवढीच राहिली. याउलट अंथरुणाला खिळलेली एखादी आजी एकच माळ करते, आणि सगळं घर तिच्याजवळ येऊन शांत होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाडी सुधारली म्हणून हाव सुधारत नाही. १९०३ मध्ये त्याच ला तुर्बीच्या चढावर काउंट एलियट झ्बोरोव्स्की हे श्रीमंत गृहस्थ गेले, आणि तेही नव्या, कितीतरी वेगवान मर्सिडीजमध्ये. त्यांचा मुलगा लुई १९२४ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत गेला. त्याचीही गाडी मर्सिडीजच! गाडीच्या नावात कृपा होती, पण कुठे थांबायचं हे नाव सांगत नाही. ते चालवणाऱ्यालाच कळावं लागतं. म्हणून तर आपल्याकडे शरीराला रथ म्हटलं, तेव्हा घोड्यांच्या आधी सारथ्याची काळजी केली.

वेग वाईट नाही बरं का. येलिनेक यांच्या असमाधानातूनच चांगली मोटार जन्मली. प्रश्न एवढाच, की जाण्याची घाई आहे ती कुठे पोहोचण्यासाठी? याचं उत्तर नसेल तर २४ काय आणि २४० काय, कमीच पडणार.

*या आठवड्याचा नेम:*
१) जपाआधी पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं.
२) आठवडाभर गटात माळांची संख्या कोणी लिहायची नाही.
३) घरातल्या मुलामुलींनी गाडीची किल्ली फिरवण्याआधी एकदा गुरुस्मरण करायचं. हेल्मेट हवंच. आणि मोठ्यांनी दारातून “लवकर ये” न म्हणता “सावकाश ये” म्हणायचं.

सद्गुरू आपल्या सर्वांची बैठक स्थिर करोत, हीच चरणी प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
– सेवेकरी भगिनी मंडळ