बर्फाचा हिशेब आणि यजमानाचे कर्तव्य

लग्नसराईच्या या आठवड्यातही मठ्ठ्याच्या पिंपात निळसर बर्फ तरंगताना दिसावा, हे वर्धा जिल्ह्याला शोभणारे नाही. अखाद्य बर्फ, म्हणजे केवळ वस्तू थंड ठेवण्यासाठी बनवलेला आणि पोटात जाण्यास अयोग्य असलेला बर्फ, चटकन ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तरीही पंगत अर्ध्यावर असताना बर्फ संपतो, कुणाला तरी दुचाकीवर पिटाळले जाते, आणि मिळेल ती लादी गोणपाटात गुंडाळून मांडवात येते.

बर्फाचा अंदाज कुणालाच लागत नाही, हे यजमानांचे यावरचे ठरलेले उत्तर आहे आणि ते मान्य करण्यासारखे मुळीच नाही. ज्या घरात कणीक किलोवर आणि मांडव फुटांवर मोजला जातो, कान फोडणाऱ्या डीजेसाठी तासाच्या दरावरून घासाघीस होते, त्या घराला बर्फच तेवढा मोजता येऊ नये, हे बुद्धीला पटत नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. तापमान न बदलता केवळ अवस्था बदलण्यासाठी लागणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. वितळलेले पाणी १५ अंशांपर्यंत येताना आणखी १५ किलोकॅलरी घेते, म्हणजे किलोमागे एकूण ९५. तीनशे पाहुण्यांना २०० मिलिलिटरचे दोन-दोन पेले धरले, तर १२० लिटर मठ्ठा लागतो आणि तो ३५ अंशांवरून १५ अंशांवर आणण्यास २,४०० किलोकॅलरींचा, म्हणजे साधारण २५ किलो बर्फ पुरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या मुलखात वाटेत आणि फोडताना होणाऱ्या घटीसाठी त्यात निम्मी भर घातली, तरी आकडा ४० किलोच्या आत राहतो. शाळकरी गुणाकार-भागाकाराने सुटणारे हे गणित ज्याला अवघड वाटते, त्याने ते मांडूनच पाहिलेले नसते. डीजेचे पैसे मात्र त्याने आगाऊ दिलेले असतात.

रंग निथळून जातो किंवा बर्फाचे काम केटररचे आहे, या सबबींवर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. गोठल्यावर जंतू मरतात, हा समज मात्र घातक आहे, कारण विषमज्वराचे आणि काविळीचे जंतू बर्फात तग धरू शकतात. शिवाय पिंपात टाकलेला २५ किलो बर्फ म्हणजे पाहुण्यांच्या पेल्यात उतरणारे २५ लिटर पाणीच असते. म्हणून ताक आधी तेवढेच घट्ट ठेवावे लागते आणि ते पाणी पिण्यायोग्य असावे लागते. दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात समारंभाचा बर्फ मुख्यतः मठ्ठ्यात, सरबतात आणि पाण्यात पडतो, जे लहान मुले आणि म्हातारी माणसे निःशंकपणे पितात.

घरगुती वाढदिवसाला दहा माणसे जमली, तर फ्रिजमधला बर्फ पुरेल किंवा न पुरेल. तेथे हिशेब मागणे अतिरेकाचे ठरेल. पत्रिका वाटून शेकडो माणसे बोलावणाऱ्याला मात्र ही सूट नाही. येत्या तिथीच्या यजमानांनी खाद्य बर्फाची मागणी आदल्या दिवशीच नोंदवावी, बिलावरील १४ अंकी अन्न परवाना क्रमांक पाहून घ्यावा, आणि ऐनवेळी निळी लादी दारात आली तर ती परत पाठवून पाहुण्यांना माठातले साधे पाणी द्यावे.