दोष आधीं कीं शोध आधीं?

आमचा जुना पिकअप ट्रक एके सकाळीं सुरूच होईना. ‘रात्रीं दिवे जळत ठेवलेस!’ असें आम्हीं चालकास सर्वांदेखत सुनावलें. मिस्त्रीनें मात्र आधीं बॅटरी मोजली. दाब १२.६ व्होल्ट, म्हणजे ती पूर्ण भरलेली. मग त्यानें तारांचीं टोकें सोडविलीं. त्यांवर क्षार सांचला होता. तो खरवडून टोकें पुन्हा आवळतांच इंजिन चालूं लागलें.

एका वेळीं एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा, हा मिलनें १८४३ सालीं मांडलेला व्यतिरेकाचा नियम आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. पाळला तो मिस्त्रीनें. यंत्राचा चुकीचा भाग बदलला तर पैसेच जातात. निरपराध माणसावर ठेवलेला ठपका क्षमा मागूनहि पुरता पुसला जात नाहीं. म्हणून कारण शोधण्यापूर्वीं दोष देणें ही निव्वळ तर्काची चूक नव्हे, तो अन्याय होय. आम्हीं क्षमा मागितली, तीहि सर्वांदेखतच.