विचारून लावलेला हात



गेल्या वर्षी मायदेशी गेले असता अलिबागला माझी शाळेतली मैत्रीण भेटली. ती कोकणी मुसलमान. १९७० नंतर कुलाबा (आताचा रायगड) व रत्नागिरी जिल्ह्यांतली जी कुटुंबे पोटापाण्यासाठी आखातात गेली, त्यांतलेच तिचे एक. सध्या ती सौदी अरबस्तानात जेद्दाला मुलाकडे राहते आणि अपंग मुलांच्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाऊन मुलांना मालिश करते. मोबदला घेत नाही.

मी म्हटले, "मोठे पुण्य जोडलेस गं!"

ती म्हणाली, "पुण्याचे राहू दे. पहिल्याच आठवड्यात माझी चूक झाली, ती ऐक."

मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय ताठरलेला एक मुलगा तिच्यापुढे आणला. त्याला बोलता येत नाही. हिने आपल्याकडे बाळाला चोळतात तसे तेल घेऊन पाय चोळायला सुरुवात केली. पाय आणखी ताठ झाला. हिला वाटले, हा आजारच. तिने जोर वाढवला. तेव्हा तेथील व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी तिचा हात थांबवला. त्या म्हणाल्या, "तो नको म्हणतो आहे."

तेव्हापासून ती आधी तेलाची बाटली त्याला दाखवते, तळहात एकमेकांवर घासून ऊन करते आणि थांबते. त्याने बाटलीकडे पाहिले तर हो. तोंड फिरवले तर नाही. काही दिवस तोंड फिरतेच. मग ती नुसती शेजारी बसते.

हे ऐकून मला माझा वर्ग आठवला. एका मुलाचा उजवा हात दुबळा होता. मी रोज त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेत असे आणि स्वतःला प्रेमळ शिक्षिका समजत असे. तो हात मागे ओढी. मला तो आळस वाटे. "बाळ, धरू का?" असे मी एकदाही विचारले नाही.

कोणी म्हणेल, लहान मुलाला काय विचारायचे? देवीची लस टोचताना कोणी विचारले होते का? म्हणणे रास्त आहे. जेथे न केल्यास जीवाला धोका असतो, तेथे मोठ्यांनी ठरवावेच लागते. पण मालिश तसे नाही. त्याने स्नायू काही वेळ सैल पडतात, मुलाला बरे वाटते. मेंदूची इजा काही भरून येत नाही. म्हणजे ती भेट आहे, आणि भेट नाकारण्याची मुभा घेणाऱ्याला हवी.

शिवाय या मुलांचा दिवस कसा जातो ते पाहा. उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, सारे दुसऱ्याच्या हातांनी. नको म्हणणे एवढेच ज्याच्या हाती उरले आहे, त्याचे तेही आपण प्रेमाच्या नावाखाली काढून घ्यायचे काय? आणि चांगल्या माणसांपुढे ज्याचा नकार चालत नाही, तो मुलगा वाईट हाताला नको म्हणायला कोठे शिकणार?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या करारात म्हटले आहे की, अपंग मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे व त्यासाठी त्याला मदत मिळाली पाहिजे. भारताने तो २००७ साली, सौदी अरबस्तानने २००८ साली आणि आपल्या इस्राएलने २०१२ साली स्वीकारला. मात्र कागदावरचा हक्क त्या मुलापर्यंत पोहोचायचा, तर कोणीतरी तेलाची बाटली हातात घेऊन थांबावे लागते.

आपल्या वाडवडिलांना कोकणात शनवार तेली म्हणत. तेल गाळणे हा आपला धंदा होता. त्या तेलाने किती बाळे न्हाली-माखली असतील! आपल्यापैकी अनेक भगिनी आज येथे वृद्धांची व अपंगांची सेवा करतात. त्यांना एक निवृत्त शिक्षिका म्हणून माझी विनंती आहे: हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा. उत्तर तोंडाने येईलच असे नाही. मला ते ओढलेल्या हातातून रोज मिळत होते, पण मी ते वाचले नाही.