कालच दिली

परक्या शहरात भाड्याचे घर शोधणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारले जातात. कुठले? काय करता? घरात माणसे किती? या तिन्हींची उत्तरे आम्ही बिनदिक्कत देत असू. चौथा प्रश्न मात्र सहसा थेट विचारला जात नसे. त्याचे उत्तर आमच्या नावातून काढून घेतले जाई आणि मग दोन शब्द ऐकू येत : ‘कालच दिली.’

या दोन शब्दांविषयी आम्हाला लिहायचे आहे. ते आम्ही पुष्कळदा ऐकले, आणि एकदा बोललोही. ऐकल्याची तक्रार सांगायची आणि बोलल्याची गोष्ट गाळायची, असा एकतर्फी हिशेब आजवर आम्ही मांडत आलो. तो आता पुरा करावा म्हणतो.

२००४ च्या जूनमध्ये आमची बदली पुण्याला झाली. गाव खेड तालुक्यातले, रत्नागिरी जिल्ह्यातले. एसटीने स्वारगेटला उतरलो तेव्हा बरोबर पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि तीन बोचकी होती. लष्कर भागात एका नातेवाइकांच्या घरी पथाऱ्या टाकल्या. त्यांचे घर मोठ्या मनाचे, पण दोन खोल्यांचे. महिन्याभरात हलायला हवे, हे न सांगता दोन्हीकडे ठाऊक होते. कचेरी स्वारगेटजवळ. भाड्याला जास्तीत जास्त तीन हजार देता येणार होते. आमच्याकडे ना स्कूटर होती, ना सायकल.

ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी शहर म्हणजे बसचे मार्ग. नकाशावर दोन किलोमीटरवर दिसणाऱ्या घराकडे बस जात नसेल, तर ते दहा किलोमीटरवरच्या घराहून दूर असते. शहराबाहेर भाडे पाचशे रुपयांनी कमी होते खरे, पण तिथे दोन बस बदलून जावे लागे आणि रात्री उशीर झाला की रिक्षावाला परतीचेही पैसे मागे. घरभाडे आणि बसभाडे मिळून जे होते तेच खरे भाडे, हा हिशेब आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो. तेव्हा पुण्यात पीएमटी होती. पीएमपीएमएल २००७ मध्ये झाली. पद्मावती, धनकवडी, बिबवेवाडी, सहकारनगर, सिंहगड रस्ता, म्हणजे जिथून स्वारगेटला एका बसने येता येईल तेवढाच आमचा मुलूख. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर पेनाने गोल करायचे, कोपऱ्यावरच्या पीसीओवरून फोन लावायचे आणि मुलीला कडेवर घेऊन बस पकडायची.

फोनवर आम्ही म्हणत असू, ‘चौगुले बोलतोय.’ यात खोटे काही नव्हते. कोकणातल्या मुसलमानांत चौगुले, देशमुख, खोत, मुकादम, नाईक ही आडनावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ती आमच्या मातीने आम्हाला दिली, कुणाकडून उसनी घेतलेली नाहीत. ‘या ना, चौगुले. कुठले?’ ‘खेडचे.’ ‘अरे वा, कोकणातले! या, अवश्य या.’ मग तासाभराचा प्रवास, दोन जिने, खोली, मोरी, नळाची वेळ, सगळे पाहून झाले की घरमालक डायरी उघडून विचारीत, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ नाव सांगितले की डायरी हळूच मिटे. ‘अहो, मी विसरलोच. ती कालच दिली बघा. आमच्या हिनं कुणाला तरी शब्द दिला.’

कुणी ओरडले नाही, अपमान केला नाही. एकांनी तर चहाही दिला. पण बसने येणाऱ्या माणसाला या सभ्यपणाची किंमत मोजावी लागते. गाडीवाल्याला ‘कालच दिली’ची किंमत पंधरा मिनिटे. आमचा त्यात एक रविवार जाई, तिघांच्या येण्याजाण्याचे पैसे जात आणि मुलगी उन्हाने तापे. खोटे ते बोलत आणि त्याचे भाडे आम्ही भरत असू.

तिसऱ्या रविवारी पत्नी म्हणाल्या, ‘फोनवरच पूर्ण नाव सांगत जा. निदान बसचे पैसे तरी वाचतील.’ आम्ही म्हणालो, ‘मग कुणी बोलावणारच नाही.’ त्या म्हणाल्या, ‘आता बोलावून तरी काय देतायत?’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे म्हणजे आम्हाला आशा असे, की समोरासमोर बसले, मुलगी पाहिली, आमचे मराठी ऐकले, की माणूस विरघळेल. आडनावावर थांबण्यात लबाडी होती की आशा, हे आम्हाला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा दोन्ही होते.

पुढची पायरी एका एजंटाने दाखवली. ‘साहेब, पहिलं नाव सांगूच नका. पुढचं मी बघतो.’ कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्याहून पुढचे सुचवले, आणि मनापासून सुचवले, ‘करार माझ्या नावावर करू. राहा तुम्ही.’ त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत बोलत बसलो. मोह मोठा होता. मुसलमानाने घरासाठी खोटे बोलू नये आणि घरमालकाने मात्र खुशाल बोलावे, हा कुठला न्याय? पण पत्नीने एकेक प्रश्न काढला. दारावर पाटी कुणाच्या नावाची लावायची? मुलीला शाळेत घालताना पत्ता कुणाचा द्यायचा? ईदला कुणी आले तर सलाम हळू आवाजात करायचा का? आणि मुलगी बोलायला लागली की तिला काय शिकवायचे, बाहेर अब्बा म्हणू नकोस?

कायद्याचीही अडचण होतीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. दारातल्या गप्पांत नाव झाकता येते, करारावर नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हाला कायद्याने अडवले नाही, अडवले ते पाटीच्या प्रश्नाने. ज्या घरात स्वतःच्या नावाने हाक मारून घेता येत नाही, तिथे माणूस लपून राहतो. लपलेल्या माणसाला शेजारी नसतो. त्याला भीती असते.

त्याच महिन्यात पेठेतल्या एका वृद्ध बाईंनी मात्र आम्हाला वेगळे उत्तर दिले. पूर्ण नाव ऐकून त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाळा, खोटं कशाला बोलू? खोली रिकामीच आहे. आमच्याकडे मांस-मासळी चालत नाही. आणि वाड्यातले लोक मला बोलतील, याचीही भीती वाटते.’ मग त्यांनी मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि उन्हात चालू नका म्हणून जवळचा बसथांबा कुठे ते समजावून सांगितले. नकार तोही होताच, त्यात न्याय नव्हता. पण त्या बाईंबद्दल मनात कडवटपणा राहिला नाही. त्यांनी कारण सांगितले होते आणि कारण सांगितले की बोलता येते. मांस शिजवणार नाही असे आम्ही म्हणू शकलो असतो, किंवा आमचे जमणार नाही असे म्हणून उठू शकलो असतो. त्यांची भीती खरी की खोटी, यावरही दोन शब्द झाले असते. ‘कालच दिली’शी काय बोलणार? त्या वाक्याला दार नसते.

घरमालकाच्या बाजूनेही विचार करायला हवा. घर म्हणजे दुकान नव्हे. राज्यघटनेचे कलम १५ (२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक ठिकाणी धर्म, जात यांवरून अडवायला मनाई करते. त्या यादीत खासगी घर नाही. कलम १९ देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देते, पण अमक्याने आपले घर तमक्याला द्यावे असे सांगत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम उचलून धरला. दुसरीकडे, पसंतीच्या भागात घर घेणे किंवा भाड्याने मिळवणे मुसलमानांना दिवसेंदिवस कठीण होत आहे, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने केली. म्हणजे दुःख सरकारच्या दप्तरी नोंदले गेले आणि दाराची कडी मालकाच्या हातात राहिली. कायदा जिथे थांबतो तिथे नीतीचा प्रश्न सुरू होतो आणि तो मालकाला एकट्यालाच सोडवावा लागतो.

पाच आठवड्यांनी आम्हाला कोंढव्यात खोली मिळाली. मालकांनी नाव ऐकले, सलामाला उत्तर दिले आणि पाणी किती वाजता येते ते सांगितले. बस दूर होती, रस्ता कच्चा होता, पण पाटी आमची होती. त्या रात्री शांत झोप लागली हे खरे. आणि त्या झोपेत थोडी हार होती हेही खरे. सगळे शहर सोडून आम्ही ‘आपल्या’ लोकांत आलो होतो, आणि ते आम्ही निवडले असे म्हणता येत नव्हते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. कोंढव्यातच आम्ही २०१२ मध्ये कर्ज काढून छोटा फ्लॅट घेतला. पुढे थोडा मोठा घेतला आणि २०१९ मध्ये जुना भाड्याने द्यायचे ठरवले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, ‘चौगुलेसाहेब, आपल्याच लोकांना द्या. आणि फॅमिलीवाल्यांनाच.’ आम्ही मान हलवली. मे महिन्यातल्या एका दुपारी एक मुलगा आला. लातूरकडचा, नुकताच नोकरीला लागलेला, पाठीवर पिशवी, शर्ट घामाने भिजलेला. दोन बस बदलून आला होता. फोनवर त्याने पहिले नावच सांगितले होते. दारात आम्ही पूर्ण नाव विचारले. त्याने ते सांगितले आणि आमच्याकडे पाहत राहिला. ते पाहणे आम्ही ओळखत होतो. बौद्ध समाजातला, एकटा मुलगा. आमच्या डोळ्यांपुढे सेक्रेटरींचा चेहरा आला, आणि आम्ही अगदी सभ्य आवाजात म्हणालो, ‘बेटा, ती कालच दिली.’

‘बरं काका,’ तो म्हणाला, ‘इथून स्वारगेटची बस कुठं मिळेल?’

आम्ही त्याला थांबा दाखवला. आत आलो तर पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. आमची मुलगी, जिला कडेवर घेऊन आम्ही धनकवडीचे जिने चढलो होतो, ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने विचारले, ‘अब्बा, कुणाला दिली?’

मशिदीत शेजाऱ्याच्या हक्कावर आम्ही कितीतरी बयाने ऐकली आहेत. मक्का सोडून मदिनेत आलेल्या हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारींनी आपल्या घरात ठेवून घेतले, हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. परक्या गावात घर नसलेला माणूस आमच्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीला उभा आहे. कुणी म्हणेल, ते एका दीनचे लोक होते. पण हजरत अब्दुल्लाह इब्ने अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या ज्यू शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे ते घरच्यांना पुन्हा विचारत होते, हेही हदीसच्या ग्रंथांत आले आहे. तिथे मांस शेजाऱ्याचा वाटा म्हणून पोचते, आणि आपल्या शहरांत तेच नकाराचे कारण होते. हे सगळे आम्हाला पाठ होते. त्या दुपारी यातले काहीच आठवले नाही. आठवली ती सेक्रेटरींची नाराजी. पेठेतल्या बाईंनी निदान आपली भीती कबूल केली होती. आम्ही तेवढेही केले नाही.

पुण्यातल्या त्या घरमालकांत आणि आमच्यात फरक आहे, असे म्हणून पाहिले. आमच्या नकाराने एका मुलाचा एक दिवस गेला. त्यांच्यासारख्या असंख्य नकारांनी वस्त्याच्या वस्त्या वेगळ्या पडल्या. हा फरक खरा आहे आणि तो विसरता कामा नये. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला फरकाचा काय उपयोग? त्याच्यापुढे एकच दार असते आणि ते कुणी मिटले एवढेच त्याला दिसते.

यातून आम्ही एक कसोटी काढली आहे, मोठी नाही. मालकाला निवड करायचा हक्क आहे. पण निवडीचे कारण समोरच्याच्या तोंडावर सांगता आले पाहिजे. भाडे परवडणार नाही, पाणी कमी आहे, वर म्हातारी आई आहे, अशी कारणे सांगता येतात. ‘तुझा धर्म’, ‘तुझी जात’ हे सांगताना जीभ अडते. म्हणून ‘कालच दिली’ म्हणावे लागते. जीभ अडते याचाच अर्थ मनाला ते चूक असल्याचे ठाऊक असते. हल्ली जाहिरात मोबाइलवर असते, नाव पहिल्याच संदेशात कळते आणि नकार द्यायला शब्दही लागत नाहीत. उत्तर दिले नाही की झाले. बसचे पैसे वाचले, एवढीच काय ती सुधारणा.

दोन दिवसांनी आम्ही त्या मुलाला फोन केला. खोली रिकामी आहे, ये, असे म्हणालो. तो क्षणभर थांबला. ‘राहू द्या काका,’ तो म्हणाला, ‘मला कालच मिळाली.’ ते खरे होते की आमचेच वाक्य त्याने आम्हाला परत केले, हे विचारण्याचा हक्क आम्हाला उरला नव्हता. नंतर सेक्रेटरींशी बोललो. थोडी कुरबुर झाली, पुढे ती निवली. खोली शेवटी कुणाला दिली ते इथे लिहीत नाही, कारण तो स्वतःची पाठ थोपटण्याचा प्रकार होईल.

बसचा थांबा आम्ही त्याला बरोबर दाखवला होता. त्या दुपारी त्याला आम्ही खरे सांगितले ते तेवढेच.