हरिपाठाला सगळे बसा

चि. सौ. मेघना,


परवाचं तुझं फोनवरचं बोलणं मनात घोळतंय. मुलं देवापाशी टिकत नाहीत, चुळबुळ करतात, आणि अथर्व तर सरळ विचारतो, देव आहे कशावरून? रागावू नकोस, पण तुम्ही मुलांना देवापाशी बसवता आणि स्वतः उठून जाता. तू ओट्याशी, जावईबापू लॅपटॉपशी. मग मुलांना तो गृहपाठच वाटणार.

वारकऱ्यांची भक्ती अख्ख्या घराची असते. नामदेवांच्या घरात आई गोणाई, बायको राजाई, मुलं, दळणकांडण करणारी जनाबाई, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. मंगळवेढ्याच्या चोखोबांकडेही तेच. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. हा कर्ममेळा मला फार जवळचा वाटतो. तो विठ्ठलाला तोंडावर जाब विचारतो, आम्हाला हीन जातीत का घातलंस, उष्ट्यावर का जगवलंस म्हणून. ज्या घरात आईबाप रात्रंदिवस विठ्ठलाचं नाव घेत होते, त्याच घरात पोराला असं बोलता आलं, आणि परंपरेने त्याचे ते अभंग जपून ठेवले. तेव्हा अथर्वच्या प्रश्नाने धसका घेऊ नकोस. त्याला गप्प तर मुळीच करू नकोस. तू नाम का घेतेस, तुला त्यात काय मिळतं, एवढं खरं खरं सांग. आणि ते पटलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग फलश्रुती धरून 28. रोज सगळे नकोत. जेवणाआधी तीन-चार म्हणा, पण मोठ्याने आणि चौघांनी मिळून. अर्थ लगेच समजावत बसू नकोस, आधी चाल तोंडात बसू दे. धाकटीच्या हाती टाळ दे. ती पहिल्यांदा वाटी मुठीत गच्च धरेल आणि नुसता खटखट आवाज येईल. दोरी बोटांना गुंडाळून वाटी मोकळी सोडायची, मग तो खणखणतो. हे तिच्या हाताला हात लावून शिकव. ताल चुकला तर चुकू दे. पाहुण्यांपुढे मात्र म्हणून दाखव म्हणू नकोस, आणि उशिरा आल्याची शिक्षा म्हणून तर कधीच नको.

शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. दिंडीत लहानमोठं बघत नाहीत, तसंच घरात. जावईबापू अथर्वच्या पायाला हात लावतील तेव्हा तो संकोचेल, पाय मागे घेईल. तरी लावू दे. माणसात देव बघायचा म्हणजे काय, हे त्याला तेवढ्याने जितकं कळेल तितकं माझ्या-तुझ्या बोलण्याने कळायचं नाही.

एकादशीला मुलं साबुदाण्याच्या खिचडीसाठी उपास करतात म्हणून तू हसलीस. करू देत की! गोडीने धरलेली गोष्ट टिकते.

आणि ज्येष्ठाच्या वद्य पक्षात माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, त्या दिवशी दोघांनी रजा काढा. मुलांना घेऊन दिवे घाट तरी चालून चढा. फोटो काढत काठाला उभं राहू नका, दिंडीच्या मागे चाला, कुणी पाणी मागितलं तर मुलांच्या हातून द्या. दमली तर बसू द्या.

पण पालखीची वाट बघू नकोस. उद्या संध्याकाळी कुकर उतरला की गॅस बंद कर, चौघांचे फोन आतल्या खोलीत ठेव आणि बसा. जावईबापूंना माझं नाव सांग, ते आले नाहीत तर मी स्वतः फोन करीन.

तुझी,
मावशी